पेन्शनर नवरदेव

वयाच्या तेहतिसाव्या वर्षी हिरामण तरे म्हातारा झाला. त्याला स्वतःला तसं काही जाणवत नव्हतं. गुडघे ठणठणीत होते, केस जागच्या जागी होते आणि दात सगळे तोंडात होते. पण सरकारनं तसं ठरवलं आणि त्याच्या गावानं, कामतघरनं, ते मान्य केलं. एकदा सरकार आणि कामतघर यांचं एकमत झालं की माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही.

चीनची लढाई झाली त्या हिवाळ्यात तो मराठा पलटणीत भरती झाला होता. भरतीच्या साहेबांनी त्याची छाती मोजली, फुगवायला लावून पुन्हा मोजली, दात पाहिले, पळवलं आणि घेतला. पंधरा वर्षं त्यानं बर्फात आणि वाळवंटात आळीपाळीनं पहारा केला, दोन लढाया केल्या, नाईक झाला आणि सत्त्याहत्तरच्या सुरुवातीला त्याला ट्रंक, घोंगडी आणि पेन्शन देऊन घरी पाठवण्यात आलं. फौजेचा विचार सरळ असतो. डोंगर चढायचा तर पाय कोवळे हवेत, म्हणून शिपाई तिशी ओलांडतो न ओलांडतो तोच म्हातारा होतो. सुभेदार त्याच्यानंतर म्हातारा होतो. कर्नलसाहेब पन्नाशीपर्यंत दम धरतात आणि जनरलसाहेब त्याच्याही पुढं कितीतरी तरुण राहतात, कारण त्यांना डोंगर नकाशावर चढायचा असतो. हिरामणला यात अन्याय वगैरे काही दिसला नाही. हुकूम होता. फक्त उरलेल्या आयुष्याचं काय करायचं याचा हुकूम कुणी दिला नव्हता, म्हणून तो त्यानं स्वतःच स्वतःला दिला: लग्न करायचं.

ते राहून गेलं होतं. पासष्ट साली एक मुलगी ठरली, तर लढाई लागून त्याला तार आली. एकाहत्तरला दुसरी ठरली, तर दुसरी लढाई लागली. त्यानंतर आसपासच्या गावांनी देशाचं हित लक्षात घेऊन त्याला मुली दाखवणं बंद केलं. हिरामण मात्र बंकरमध्ये पडल्या पडल्या आपलं लग्न लावत राहिला. त्यात अंगणात मांडव असायचा, कपाळाला बाशिंग असायचं, अंगभर ओली हळद असायची आणि धवलारीण त्याचं नाव घेऊन धवला गात असायची. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. ती गाते तेव्हा लग्न लागतं, भटजी आला काय आणि न आला काय. या स्वप्नात नवरीचा चेहरा तेवढा कधी नीट दिसला नाही, पण हळद अगदी स्वच्छ दिसायची. ती हळद त्याला हवी होती. इतकी हवी होती की दुसऱ्याच्या लग्नाची गोष्ट निघाली तरी तो उठून बूट पॉलिश करायला लागायचा.

घोटाळा पेन्शननं केला. कामतघरमध्ये त्याआधी एकच पेन्शनर होऊन गेला होता: रामनाथ मास्तर. मास्तरांना पेन्शन लागली तेव्हा त्यांना दात नव्हते, ऐकायला येत नव्हतं आणि ते नातवालाच सासरा म्हणून हाक मारत. त्यामुळं पेन्शनर म्हणजे काय हे गावाला नीट ठाऊक होतं. हिरामण आल्यावर देवळाच्या पारावर मास्तरांची रिकामी पडलेली जागा झाडून त्याला देण्यात आली. बाया त्याला पाहून डोक्यावर पदर घेऊ लागल्या. ज्या सवंगड्यांबरोबर तो वऱ्हाळा तलावात डुंबला होता ते कापडाच्या लूमवर ड्युटीला जाता जाता त्याला वाकून रामराम घालू लागले. तो पहाटे खाकी चड्डी घालून तलावाला फेऱ्या मारी, तेव्हा लोक हळहळत. उतारवयात काही जणांचं असं होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

लूमवर काम मागायला गेला तर पन्नाशी उलटलेल्या शेठनं उठून त्याला खुर्ची दिली. "चाचा, पेन्शन आती है ना? फिर काहे को मशीन के पीछे भागते हो? वॉचमन की जगह खाली है. बैठने का काम है, नींद आई तो सोने का." हिरामणनं ती नोकरी घेतली आणि दोन्ही कामं केली नाहीत. तो रात्रभर उभा राहायचा.

सगळ्यात वाईट म्हणजे आई. रंगूबाईला तो एकुलता एक, नवरा गेल्यापासून तिचा सगळा जीव याच्यात. पण लोक म्हणू लागले तसं तिलाही ते खरं वाटू लागलं. ती त्याचा भात मऊ शिजवू लागली. एके दिवशी तिनं त्याला गुडघ्याला लावायला तेल गरम करून दिलं, तेव्हा हिरामणला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"आये," तो म्हणाला, "मना लगीन करायचंय."

रंगूबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली. लगेच दीर बोलावला.

विठूकाका म्हणजे हिरामणचा चुलता. माणूस उत्साही, सायकल नवी आणि पोटात काही न ठेवणारा. त्यानं दिवे, अंजूर, काल्हेर करत सगळी आगरी गावं पालथी घातली आणि प्रत्येक ओटीवर बसून पहिलं वाक्य तेच टाकलं: "आमचा पुतण्या पेन्शनर हाय." पेन्शन म्हणजे पुतण्याच्या अंगावरचा दागिना, तो आधी दाखवावा, असं काकाला वाटे. ऐकणारे मनातल्या मनात साठीचा माणूस उभा करत, काकाला चहा पाजत आणि आमच्याकडं लग्नाची पोर नाही म्हणून सांगत. आत पोर भांडी घासत असे. काका हात हलवत परत येई आणि म्हणे, या भागात मुलींचा दुष्काळ पडलाय.

दापोड्याला मात्र केसरीनाथनं चहावर पुन्हा चहा मागवला. केसरीनाथचा गवताचा धंदा होता, खाडीकडं भातशेती होती, आणि घरात विधवा बहीण होती, गोदू. गोदूचा नवरा काविळीनं गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. सासरच्यांनी सहा महिन्यांत आणून सोडली. केसरीनाथ वाईट माणूस नव्हता. तिला दोन वेळचं जेवण होतं, लुगडं होतं. पण आपल्यामागं तिचं काय, हा घोर त्याला होता. एखादा पिकला, शांत, बायको गेलेला पेन्शनर मिळाला तर पाट लावून मोकळं व्हावं, असं त्याच्या मनात होतंच. विधवेचं लग्न म्हणजे पाट. त्याला मांडव नाही, हळद नाही, धवला नाही. दिवेलागणीनंतर परसात चार माणसांत उरकायचं आणि सवाष्णींनी तिकडं पाहायचं नाही.

"आमची गोदू हाय," केसरीनाथ म्हणाला. "घेऊन या पेन्शनरला."

गोदू कोण, तिचं वय काय, हे काकानं विचारलं नाही. मुलगी आहे म्हणाले, एवढ्यानंच त्याचे कान तृप्त झाले होते.

पुढच्या रविवारी हिरामण कडक इस्त्रीच्या शर्टात, चकाकत्या बुटांत दापोड्याला हजर झाला. केसरीनाथ ओटीवरून खाली आला, काकाला रामराम केला आणि हिरामणच्या मागं वाकून पाहू लागला.

"पेन्शनर कुठं हायत?"

"मीच," हिरामण टाचा जुळवून म्हणाला.

केसरीनाथनं त्याला खालून वर आणि वरून खाली पाहिलं. समोर दिसतंय ते खरं मानावं की पेन्शन खरी मानावी, असा पेच पडला तेव्हा त्यानं पेन्शन खरी मानली. "काश्मीरची हवा," तो मान डोलवत म्हणाला. "माणूस टिकतो तिकडं." मग त्यानं हात धरून हिरामणला पायरी चढवली. हिरामण चढला. वडीलधाऱ्यानं हात धरला तर झटकायचा नाही, अशी त्याला शिस्त होती.

जेवायला बसवलं. काकाच्या ताटात भाकरी आणि खेकड्याचं कालवण. हिरामणच्या पुढं पेज आणि कुस्करलेलं केळं. पलटणीत ताटात येईल ते खायचं असतं, म्हणून हिरामण मान खाली घालून केळं खाऊ लागला. काकाच्या ताटातल्या खेकड्याकडं त्यानं एकदाच पाहिलं.

ते एकदाचं पाहणं दारात उभ्या असलेल्या बाईनं टिपलं. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. ती आत गेली, वाटी घेऊन आली आणि तिनं हिरामणच्या पेजेशेजारी खेकड्याचा एक मोठा नांगा ठेवला. केसरीनाथ "अगं, त्यांना कसा..." म्हणेपर्यंत हिरामणनं तो दाढेखाली धरून फोडला. कट्ट असा आवाज झाला. 

"दात हायत," ती बाई म्हणाली आणि आणखी दोन नांगे आणायला आत गेली.

"ही गोदू," केसरीनाथ म्हणाला.

हिरामणला मग सगळं कळलं. मोकळं कपाळ, पेज, केळं, हात धरून चढवलेली पायरी. त्याला पाटासाठी आणलं होतं. बंकरमध्ये पंधरा वर्षं जपलेली हळद त्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेली आणि त्याला फार वाईट वाटलं. पण खेकडा उत्तम झाला होता, आणि गावी आल्यापासून त्याचे दात खरे आहेत असं मानणारं पहिलं माणूस समोर वाढत होतं. म्हणून तो उठून गेला नाही.

हात धुवायला तो परसात गेला. गोदूनं तांब्यानं पाणी घातलं. मागं गोठा होता, गोठ्याच्या पलीकडं बांधावर रुईचं झुडूप वाढलं होतं.

"किती वर्षांचे हाव?" तिनं विचारलं.

"तेहेतीस."

"मग पेन्शन कशी?"

"फौजेत काढतात लवकर. हुकूम असतो."

गोदूनं पाण्याची धार थांबवली. "मना बाविसाव्या वर्षी काढलं," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. कुठल्या पलटणीतली हे सांगावं तसं तिनं सांगितलं. "घरातला कोपरा दिला. मऊ भात देतात."

हिरामणला मऊ भात ठाऊक होता. 

"मग तुमचं कसं?" तिनं विचारलं. "एकदा काढला म्हंजे कायमचा?"

"न्हाय. रिझर्व्हला ठेवतात काही जणांना. लढाई लागली की तार येते. एकाहत्तरला आमच्याकडं असे परत आलेले बरेच होते. चांगले लढले."

"बरं हाय," गोदू म्हणाली. "आमाला कोण बोलावत न्हाय."

तिनं उरलेलं पाणी अळूच्या आळ्यात ओतलं आणि आत गेली. हिरामण ओटीवर आला आणि त्यानं काकाला सांगितलं, की आपल्याला मुलगी पसंत आहे.

केसरीनाथला आनंद झाला. आता बोलणी पक्की करायची म्हणून त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "तुमची पहिली कवा वारली?"

"पहिली झालीच न्हाय."

"म्हंजे?"

"मी कुवारा आहे."

 म्हातारा माणूस कुवारा असणं ही गोष्ट केसरीनाथच्या हिशेबात नव्हती. त्यानं तातडीनं राहीबाईला बोलावणं पाठवलं. राहीबाई दापोड्याची धवलारीण. नाकात मोठी नथ, आवाज खाडीपलीकडं जाणारा. गेल्या चाळीस वर्षांतलं गावातलं एकही लग्न तिच्या गळ्याशिवाय लागलेलं नव्हतं. ती एकदा गायला लागली की विधी पुरा होईपर्यंत थांबायची नाही. एका लग्नात मांडवाला आग लागली, वऱ्हाडी पळाले, नवरदेव पळाला, तरी ही धवला पुरा करूनच उठली होती. अर्धवट सोडला तर लग्न अर्धवट राहतं, असं तिचं म्हणणं. लग्नाच्या बाबतीत तिच्यापुढं केसरीनाथचंही चालत नसे.

"कुवाऱ्याचा पाट लागत न्हाय," राहीबाईनं निकाल दिला. "आधी त्याचं लगीन झालेलं पायजे. रुईशी लावा."

तशी रीतच आहे. कुवाऱ्याला विधवा करायची तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात. पहिल्या लग्नासारखं, काही कमी न करता. लागलं की रुई उपटून टाकतात. म्हणजे पहिली बायको वारली, नवरा बिजवर झाला, आता विधवेशी पाट लावायला हरकत नाही. थोडक्यात, केसरीनाथनं हिरामणला बायको गेलेला माणूस समजण्यात जी घाई केली होती, तिची पूर्तता आता रीतसर होणार होती.

"सगळं पहिल्या लग्नासारखं?" हिरामणनं विचारलं.

"सगळं," राहीबाई म्हणाली.

"हळद?"

"हळद, बाशिंग, मांडव. मी धवला बोलणार."

हिरामणला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याला काकाच्या सायकलची हवा तपासावी लागली. लग्नाचा मान मिळणार होता. झुडपाशी का होईना, मिळणार होता.

लग्नाच्या दिवशी कामतघरचे लोक ट्रकमधून आले. पेन्शनरचं लग्न पाहायला मिळतंय म्हणून लूमवाल्यांनी शिफ्ट बदलून घेतल्या होत्या. केसरीनाथनं बांधावर चार वासे रोवून रुईवर मांडव घातला होता. रुईला हिरव्या बांगड्या अडकवल्या होत्या, खण गुंडाळला होता, मुंडावळ्या बांधल्या होत्या. रंगूबाई डोळे पुसत होती. इतक्या वर्षांनी तिच्या पोराच्या कपाळाला बाशिंग लागलं होतं, आणि सून कशी का असेना, आज तिला काही खुपत नव्हतं.

गोदू दिसत नव्हती. विधवेची सावली हळदीवर पडू नये म्हणून केसरीनाथनं तिला सकाळपासून गोठ्यात बसवून ठेवलं होतं. दिवेलागणीला पाट, तोवर बाहेर यायचं नाही. तिनं जुनंच पांढुरकं लुगडं नेसलं होतं. ती म्हशीच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत बसली होती. गोठ्याचं दार मांडवाच्या बरोबर समोर येत होतं, त्यामुळं हिरामणला ती दिसत होती आणि तिला रुई.

राहीबाईनं धवला सुरू केला. तिचा आवाज गवताच्या गंज्यांवरून खाडीकडं गेला. तिनं हिरामणचं नाव घेतलं, त्याच्या आईबापाचं घेतलं, त्याच्या पलटणीचंसुद्धा घेतलं. हेच ते, हिरामणला वाटलं, बंकरमध्ये ऐकू यायचं ते हेच. सवाष्णींनी त्याच्या गालांना, खांद्यांना, पायांना हळद लावली. ओली, गार, भरपूर. पंधरा वर्षांत त्यानं मनातल्या मनात जशी लावून घेतली होती तशीच होती. छाती फुगवा असं सांगितल्यासारखी त्याची छाती आपोआप फुगली.

मग राहीबाई नवरीच्या कडव्याला आली. आता नवरीला उष्टी हळद लावायची. हळदीची वाटी हिरामणच्या हातात दिली गेली. धवल्यात नवरीचं नाव येतं तिथं राहीबाईनं नाइलाजानं रुई म्हटलं आणि मान हलवून त्याला खूण केली.

हिरामणनं रुईकडं पाहिलं. झुडपानं काही वाईट केलं नव्हतं. पानावर एक सुरवंट शांतपणे चालला होता. संध्याकाळी झुडूप उपटलं जाणार होतं, आणि मग अंधारात, परसात, कुणी पाहत नसताना, ज्या बाईनं आपल्या ताटात नांगा ठेवला तिला कोरडीच आपल्या हवाली करणार होते. हळद त्याला हवी होती, हे खरंच होतं. पण पंधरा वर्षं नवरीच्या जागी त्याला जी पोकळी दिसत होती तिथं झुडूप बसत नव्हतं, आणि हे त्याला वाटी हातात आल्यावर कळलं. त्याला स्वतःचाच राग आला.

त्यानं अबाउट टर्न केलं आणि तो मांडवातून बाहेर पडला.

"ओ नवरदेव, तिकडं कुठं?" केसरीनाथ ओरडला. "अपशकुन होईल!"

हिरामण थांबला नाही. हुकूम न पाळण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळं तो जरा जास्तच ताठ चालत होता. गोठ्याच्या दारात जाऊन तो उभा राहिला. गोदू उठली. तिच्या हाताला म्हशीचा वास होता, आणि ती घाबरली होती.

"तार आली," हिरामण म्हणाला.

गोदूला लगेच कळलं. ती त्याच्या पिवळ्या चेहऱ्याकडं पाहत राहिली. "मी रिझर्व्हला हाय?" तिनं हळूच विचारलं.

"हाय."

"आणि मग परत काढतील तवा?"

"या नोकरीत पेन्शन न्हाय."

गोदूनं पदराला हात पुसले. मग तिनं तोंड पुढं केलं, डोळे मिटले, आणि हिरामणनं दोन्ही हातांनी तिच्या गालांना हळद लावली. मग मोकळ्या कपाळालाही लावली. मागं वऱ्हाड उठून उभं राहिलं होतं. केसरीनाथ धावत येऊन अर्ध्या वाटेत थबकला होता, कारण पुढं जावं की काय करावं हे त्याला ठरवता येईना. सगळ्यांनी राहीबाईकडं पाहिलं. आता ती गप्प झाली की सगळं संपलं.

पण विधी पुरा झाला नव्हता, आणि विधी पुरा होईपर्यंत राहीबाई थांबायची नाही. ती बसल्या जागेवरून उठली, कंबरेवर हात ठेवून गोठ्याकडं तोंड केलं, आणि नवरीचं कडवं पुन्हा पहिल्यापासून धरलं. या वेळी त्यात रुई नव्हती. गोदूचं नाव, तिच्या आईचं, तिच्या बापाचं, सगळं तिनं एका दमात घेतलं. कुणाला विचारावं लागलं नाही. ते तिनं याच घरी, गोदूच्या पहिल्या लग्नात गायलं होतं.